गाडीची नोंद मालकाच्या हाती

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. गेल्या दहा-बारा वर्षांत विकल्या गेलेल्या जवळजवळ प्रत्येक मोटारीत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. पेडलच्या वर, डॅशबोर्डच्या कडेखाली तो दडलेला असल्यामुळे बहुतेक मालकांची आणि त्याची कधी गाठच पडत नाही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, गाडी गॅरेजात जाते, तिथला माणूस या सॉकेटला यंत्र जोडून काहीतरी वाचतो आणि मालकाला निकाल ऐकवतो: सेन्सर गेला, कॉइल गेली, वायरिंग उघडावं लागेल. यंत्राने नेमके काय सांगितले आणि त्यावरून हा निकाल कसा निघाला, हे मालकाला बहुधा कळत नाही. बिलावर भागाचे नाव येते, मजुरी येते, कारण येत नाही. हेच वाचन करणारा काडेपेटीएवढा ॲडॉप्टर आज काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत मिळतो आणि मोबाइलवरच्या ॲपशी जोडला जातो. तो प्रत्येक मोटारमालकाने वापरावा, असे माझे ठाम मत आहे. त्याने घरच्या घरी गाडी दुरुस्त होईल अशी आशा मी दाखवणार नाही, कारण बहुतेकांच्या बाबतीत ती होणार नाही. गाडीने स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवली आहे ती सर्वांत आधी मालकाने वाचली पाहिजे, आणि ती वाचून गॅरेजात गेलेला ग्राहक अधिक नेमके प्रश्न विचारतो, एवढाच माझा मुद्दा आहे. या लेखात तो पुराव्यानिशी मांडायचा आहे.

मालकाला बिघाड कळणे ही गोष्ट पूर्वी वेगळी मागावी लागत नव्हती. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी कुर्ल्यात तयार होई. याच कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर होता आणि नव्वदच्या दशकात तिथून प्युजो ३०९ ही मोटार बाहेर पडली. पद्मिनीच्या पिढीच्या गाडीत हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करत असे आणि ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर सांभाळत असे. बॉनेट उघडले की बिघाड दिसायचा, ऐकू यायचा किंवा त्याचा वास यायचा. मिस्त्रीने प्लग काढून त्यावरची काजळी दाखवली की शेजारी उभ्या मालकालाही काय झाले ते समजत असे. २०००च्या सुमारास धुराचे नियम कडक होत गेले, कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंजेक्टर आले. क्रँक किती वेगाने फिरतो, आत किती हवा येते, बाहेर पडणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन उरला, हे सारे सेन्सर मोजू लागले आणि ईसीएम नावाचा छोटा संगणक इंधनाचा हिशेब करू लागला. त्यातून झालेला लाभ मोठा आहे: धूर घटला, ॲव्हरेज वाढले, थंडीत चोक ओढत बसण्याची कटकट संपली. मात्र बिघाडाची खूण आता संगणकाच्या स्मृतीत राहू लागली आणि ती वाचण्याचे साधन सर्व्हिस सेंटरच्या कपाटात गेले. पद्मिनीच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. बिघाड डोळ्यांनी दिसणाऱ्या मोटारीचा काळ त्याच्या कितीतरी आधी संपला होता.

सॉकेट आला कुठून

हा सॉकेट मोटार कंपन्यांनी ग्राहकावर उपकार म्हणून दिलेला नाही. त्याचा उगम कॅलिफोर्नियाच्या धुरात आहे. लॉस एंजेलिसच्या दूषित हवेशी झगडणाऱ्या त्या राज्याच्या हवा संसाधन मंडळाने १९८८च्या गाड्यांपासून अट घातली की, धूर आटोक्यात ठेवणारी यंत्रणा बिघडली तर गाडीने स्वतःच ते सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात १९९०मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही अट देशभर नेली आणि या यंत्रणेची माहिती बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांनाही द्यावी असे बंधन कंपन्यांवर घातले. १९९६पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत एकाच आकाराचा सॉकेट आणि एकाच पद्धतीचे कोड आले. यालाच ओबीडी-२ म्हणतात. युरोपने २००१पासून पेट्रोल गाड्यांसाठी हाच मार्ग धरला. आपल्याकडे बीएस-४ मानकाबरोबर एप्रिल २०१०मध्ये पहिला टप्पा आला, एप्रिल २०१३पासून चारचाकींना ओबीडी-२ लागू झाले, एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आले आणि एप्रिल २०२३पासून रस्त्यावर प्रत्यक्ष चालतानाच्या धुरावरही लक्ष ठेवणारा त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, या सॉकेटचा जन्म सार्वजनिक हितासाठी केलेल्या कायद्यातून झाला आहे. त्याची किंमत गाडीच्या किमतीत मालकाने मोजली आहे. तिथली माहिती ही कुणा एकाची व्यापारी गुपिते आहेत, ही भूमिका म्हणूनच मुळापासून लंगडी ठरते.

यंत्र काय वाचते

या सॉकेटमधून चार प्रकारची माहिती मिळते. पहिली म्हणजे बिघाडाचे कोड. कोडच्या सुरुवातीचे अक्षर भाग सांगते: पी म्हणजे इंजिन आणि गिअर, सी म्हणजे चासी, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे गाडीतल्या संगणकांमधला आपसांतला संपर्क. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी ०१२८ म्हणजे इंजिन अपेक्षेइतके तापत नाही, पी ०५६२ म्हणजे विजेचा दाब कमी. अक्षरानंतर शून्य असेल तर तो कोड बहुतेक कंपन्यांत एकाच अर्थाचा असतो, एक असेल तर तो त्या कंपनीचा खास असतो. दुसरी माहिती म्हणजे प्रलंबित कोड. अनेक बिघाड एकदाच आढळले तर दिवा लागत नाही. लागोपाठ दुसऱ्या फेरीतही ते दिसले तरच लागतो. दिव्याच्या आधीची ही सूचना फक्त स्कॅनरला दिसते. तिसरी म्हणजे बिघाड नोंदला त्या क्षणाचे चित्र, ज्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात: इंजिन किती फेऱ्यांवर होते, वेग किती, कूलंटचे तापमान किती, इंजिनावर भार किती. चौथी म्हणजे चालू आकडे, जे गाडी सुरू असताना क्षणोक्षणी बदलताना पाहता येतात. यांपैकी फ्रीझ फ्रेम मला सर्वांत मोलाची वाटते. गाडी गॅरेजात पोचली की बिघाड गायब होतो, ही तक्रार सगळ्यांची असते. त्या वेळी मालकाच्या तोंडच्या 'मधूनच झटका मारते' या वर्णनापेक्षा 'ताशी ४० किलोमीटर, कूलंट ९२ अंश, तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग' ही नोंद मेकॅनिकला कितीतरी पुढे नेते.

दिव्याची भाषाही इथे समजून घ्यावी. स्थिर पिवळा दिवा म्हणजे बिघाड नोंदला आहे, गाडी जपून चालवून लवकर दाखवावी. तोच दिवा लुकलुकत असेल तर मिसिंगमुळे न जळलेले इंधन थेट धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात आहे आणि तो जळून निकामी होण्याचा धोका आहे. अशा वेळी वेग कमी करून गाडी लवकरात लवकर बाजूला घेणे हेच शहाणपण. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियमसारखे मौल्यवान धातू असतात. किरकोळ खर्चाच्या कॉइलकडे केलेले दुर्लक्ष कसे प्रचंड खर्चात बदलते, त्याचे हे सर्वांत सरळ उदाहरण आहे.

घोडबंदर रोड ते शीळफाटा

या यंत्राचा उपयोग आपल्या भागात विशेष का, याचे उत्तर इथल्या रस्त्यांत, हवेत आणि इंधनात आहे. आधी डिझेल गाड्या पाहू. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी त्याचे तापमान साधारण साडेपाचशे ते सहाशे अंशांपर्यंत जावे लागते आणि त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटांची धाव लागते. घोडबंदर रोडवर मेट्रो ४चे आणि कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रो १२चे काम, गायमुखच्या चढावरची अवजड वाहने, शीळफाट्याची कोंडी, हे ज्याचे रोजचे आहे त्याला ही धाव मिळतच नाही. काजळी जाळण्याची क्रिया सुरू होते आणि घर किंवा सिग्नल आला की अर्ध्यात थांबते. अशा अर्धवट फेऱ्यांत जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ होते. पी २४६३ हा कोड काजळी जास्त साठल्याचे सांगतो. काही गाड्यांत ॲपवर काजळीचे प्रमाणही दिसते. ते वाढताना वेळीच दिसले तर नाशिक महामार्गावर एक लांब फेरी पुरते. दिव्याकडे महिनोन्‌महिने पाठ फिरवली तर फिल्टर उतरवून साफ करावा लागतो किंवा बदलावा लागतो. रोज दहा किलोमीटर कोंडीत फिरणाऱ्याने डिझेल गाडी घ्यावी का, याचा निर्णयसुद्धा ही नोंद पाहिली तर सोपा होतो.

सीएनजीचे गणित वेगळे. महानगर गॅसच्या पंपांपुढच्या रांगा पाहिल्या की या पट्ट्यात किती गाड्या सीएनजीवर आहेत ते समजते. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये गॅसचा संगणक पेट्रोलच्या ईसीएमकडून इंजेक्टरचा इशारा घेऊन गॅस सोडतो. त्याची जुळणी चुकली की ऑक्सिजन सेन्सर ते टिपतो आणि ईसीएम इंधन वाढवत किंवा घटवत राहतो. या दुरुस्तीची टक्केवारी फ्युएल ट्रिम या नावाने स्कॅनरवर दिसते. साधारणपणे ती अधिक-उणे दहाच्या आत असावी. गॅसवर एक आकडा आणि पेट्रोलवर दुसराच आला तर दोष इंजिनात शोधण्याआधी किटच्या जुळणीत शोधावा. सीएनजी पेटवायला ठिणगीही जोरकस लागते. त्यामुळे थकलेला प्लग गॅसवर आधी मिसिंग मारतो आणि पेट्रोलवर काही काळ निभावून नेतो. हा फरक आकड्यांत दिसला की 'किट काढून टाका' आणि 'इंजिन उघडा' या दोन टोकांच्या सल्ल्यांमध्ये अडकावे लागत नाही.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाड्यांच्या मालकांत अस्वस्थता आहे. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यानेच मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. म्हणून तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागते आणि फ्युएल ट्रिम काही टक्के वर सरकते. ज्याच्याकडे जुनी नोंद आहे त्याला हा फरक शांतपणे पाहता येतो. ट्रिम थोडी वर जाऊन स्थिरावली तर ती इंधनाची करणी. ती चढतच राहिली आणि वीसच्या पुढे गेली तर कुठेतरी हवा गळते आहे, इंधन पंप थकला आहे किंवा इंजेक्टर तुंबला आहे. समाजमाध्यमांवर चाललेल्या वादात दोन्ही बाजू हवेतल्या हवेत बोलतात. स्वतःच्या गाडीचे सहा महिन्यांचे आकडे हातात असलेला माणूस त्या वादात पडण्याआधी पुरावा पाहू शकतो.

पावसाळ्याचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. ठाणे परिसरात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. दमट हवेने कपलरच्या पिनांवर गंज चढतो, उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये उंदीर शिरून वायरी कुरतडतात, बॅटरी बसते. बंद गाडीत साधारण १२.६ आणि चालू गाडीत साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हे आकडे ज्याला माहीत आहेत तो बॅटरी गेली की अल्टरनेटर, हे घरीच ओळखू शकतो. दाब खाली गेला की एकाच वेळी पाच-सहा असंबद्ध कोड येतात. त्या वेळी पाच-सहा भाग बिघडलेले नसतात. मूळ दोष बहुधा बॅटरी, अर्थिंग किंवा एखादा गंजलेला कपलर यांत असतो. हे न कळता दिलेली भली मोठी यादी मालक निमूटपणे मंजूर करतो.

जुनी गाडी घेतानाही हे यंत्र डोळे उघडते. विकणाऱ्याने आदल्या दिवशी कोड पुसून दिवा बंद केलेला असू शकतो. परंतु कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडाही ईसीएम ठेवतो आणि ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, तेही सांगतो. ऐंशी हजार किलोमीटर धावलेल्या गाडीत हा आकडा आठ निघाला आणि निम्म्या चाचण्या अपूर्ण असल्या, तर प्रश्न विचारायलाच हवा. बॅटरी काढली तरी अनेक गाड्यांत हे आकडे शून्यावर येतात, म्हणून यावरून लबाडी सिद्ध होत नाही. पण 'दोन दिवस थांबा, शंभर किलोमीटर चालवून पुन्हा पाहू' असे म्हणण्याइतका आधार नक्की मिळतो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप मेकॅनिकांचाच आहे: कोड म्हणजे निदान नव्हे. तो पूर्णपणे खरा आहे. पी ०४२० हा कोड कन्व्हर्टरची क्षमता घटल्याचे सांगतो. ईसीएमने एवढेच केलेले असते की कन्व्हर्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आकड्यांची तुलना केली. नंतरचा सेन्सर म्हातारा झाला, सायलेन्सरच्या सांध्यातून हवा शिरली किंवा इंजिन ऑइल जाळत असले तरी हाच कोड येऊ शकतो. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. त्यामागे फाटलेली रबरी नळी असेल, मळलेला हवेचा सेन्सर असेल किंवा दमलेला पंप. कोड वाचून इंटरनेटवरून भाग मागवणारा मालक पैसे आणि वेळ दोन्ही घालवतो. परंतु या आक्षेपातून निघणारा धडा मालकाने कोड वाचू नये असा नाही. कोड आला म्हणून थेट भाग बदलू नये, हा नियम त्यातून निघतो, आणि तो गॅरेजलाही तितकाच लागू आहे. ज्याने कोड वाचला आहे तो 'सेन्सर बदलण्याआधी नळ्या आणि सांधे तपासलेत का?' असे विचारू शकतो. न वाचणाऱ्याला तो प्रश्न सुचणारच नाही. घरात रक्तदाब मोजायचे यंत्र असले म्हणून कोणी स्वतःवर शस्त्रक्रिया करत नाही. डॉक्टरांपुढे मात्र महिन्याभराची नोंद ठेवता येते.

दुसरा आक्षेप कोड पुसण्याबद्दल आहे आणि तिथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. ॲपवर एक बटण दाबले की दिवा विझतो आणि त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. दोष तिथेच राहतो, पुरावा तेवढा नष्ट होतो. दुरुस्तीपूर्वी कोड पुसू नये. पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि पुसण्याचे काम दुरुस्तीनंतर करावे. दोष खरोखर गेला असेल तर लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. तोच दुरुस्तीचा खरा दाखला.

तिसरा आक्षेप असा की स्कॅनरमुळे खोटी निश्चिंती येते. झिजलेले ब्रेक पॅड, टायरला पडलेली भेग, सस्पेन्शनचा खडखडाट, बेल्टची झीज, स्टिअरिंगमधला ढिलेपणा, यांतले जवळजवळ काहीच या सॉकेटमधून दिसत नाही. पुराचे पाणी इंजिनात शिरल्यावर गाडी सुरू करू नये, हेही कुठलाच कोड वेळेवर सांगत नाही. ही नोंद लिहिणारा संगणक कंपनीनेच घडवलेला असतो, हेही विसरता येत नाही. फोक्सवॅगनने लाखो डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणी ओळखून धूर कमी दाखवण्याची सोय केली होती, हे सप्टेंबर २०१५मध्ये उघड झाले. त्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर दिवा लागला नव्हता. म्हणून नियमित सर्व्हिस, ऑइल, ब्रेक आणि टायर यांची तपासणी यांना स्कॅनर पर्याय ठरत नाही. तो एक साक्षीदार आहे आणि साक्षीदाराची साक्षही तपासून घ्यायची असते.

चौथा आक्षेप सुरक्षेचा. २०१५मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी जीप चेरोकीचा ताबा इंटरनेटवरून घेऊन दाखवला आणि कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ब्लूटूथचा सुमार ॲडॉप्टर कायम जोडून ठेवणे म्हणजे गाडीच्या आतल्या जाळ्याला एक उघडे दार ठेवणे आहे. शिवाय तो बंद गाडीतही थोडी वीज खातो. यावर उपाय साधा आहे: वाचून झाले की काढून ठेवावा, चालू गाडीत चालकाने मोबाइलकडे पाहू नये आणि कळल्याशिवाय सेटिंग बदलणारे कोडिंग करू नये. वाचणे आणि लिहिणे यांत फरक आहे. घरच्या माणसाने वाचण्यापुरतेच थांबावे.

पाचवा आक्षेप मेकॅनिकच्या पोटाचा आहे आणि तो मला हळवेपणाने नाही तर गांभीर्याने घ्यावासा वाटतो. ग्राहक कोड वाचून आला की मिस्त्रीचा अपमान होतो, घासाघीस वाढते, असे म्हटले जाते. पण वागळे इस्टेटपासून डोंबिवली एमआयडीसीपर्यंतच्या स्वतंत्र गॅरेजांना खरा धोका ग्राहकाच्या स्वस्त ॲडॉप्टरचा नाही. कंपन्यांची महागडी, बंदिस्त यंत्रे आणि न मिळणारी तांत्रिक माहिती हा तो धोका आहे. चांगल्या मेकॅनिकचे कौशल्य कोडनंतर सुरू होते: मल्टिमीटर लावून वायर तपासणे, इंधनाचा दाब मोजणे, नळीतली गळती शोधणे. त्या कौशल्याची मजुरी ग्राहकाने खुल्या मनाने द्यावी. निदानाला वेळ लागतो आणि त्याचे वेगळे पैसे असतात, हे मान्य करणारा ग्राहकच अनावश्यक भाग बदलण्याची प्रथा मोडू शकतो. मजुरीत कसर करून भागांवर नफा काढायला लावणारे आपणच असतो.

कायदा कुणाच्या बाजूने

या प्रश्नावर भारतात एक महत्त्वाचा निकाल झाला आहे, आणि तो फार थोड्या मोटारमालकांना माहीत आहे. २०११मध्ये दाखल झालेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि निदानाची यंत्रे स्वतंत्र गॅरेजांना न देऊन या कंपन्यांनी बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केला, असा निष्कर्ष आयोगाने काढला. बौद्धिक संपदा आणि सुरक्षितता ही कंपन्यांची कारणे आयोगाला पटली नाहीत. बाहेरच्या गॅरेजात काम केले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, चुकीच्या दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०१६मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत गैरवापराचा निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र घटवला. 'स्कॅनर लावलात तर वॉरंटी जाईल' अशी धमकी मिळाली तर ती या निकालाच्या पार्श्वभूमीवर तोलून पाहावी. केवळ कोड वाचल्याने गाडीत काहीही बदलत नाही. वायर कापणे, बाहेरून दिवे किंवा किट जोडणे, ईसीएमचे रिमॅपिंग करणे या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांत कंपनीचा आक्षेप रास्त असू शकतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. मोटारी आणि त्यांचे भाग हे त्यातले एक क्षेत्र आहे. पण पोर्टलवर माहिती टाकणे आणि माहिती देण्याचे कायदेशीर बंधन असणे यांत मोठे अंतर आहे. युरोपीय संघाने २००७च्या नियमावलीत दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली करणे बंधनकारक केले. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२मध्ये मतदारांनी मतपेटीतून हा हक्क मिळवला. विजेवरच्या मोटारींमुळे आता हा प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. ओबीडीचा नियम धुरासाठी होता आणि विजेच्या गाडीला धूर नाही. तिथे सर्वांत महागडा भाग असलेल्या बॅटरीची प्रकृती कंपनीच्या ॲपमध्ये जेवढी दाखवली जाईल तेवढीच मालकाला कळते. युरोपीय संघाच्या २०२३च्या बॅटरी नियमावलीने ही माहिती बॅटरीच्या मालकाला वाचता आली पाहिजे असे म्हटले आहे. तसे बंधन आपल्याकडेही हवे, नाहीतर पाच-सहा वर्षांनी वापरलेल्या विजेच्या गाड्यांच्या बाजारात खरेदीदाराला फक्त नशिबावर हवाला ठेवावा लागेल.

आपल्या पीयूसी व्यवस्थेतही या सॉकेटचा उपयोग व्हायला हवा. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांत निष्क्रिय अवस्थेतला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलमध्ये धुराची दाटी, हेच आज केंद्रावर मुख्यतः मोजले जाते. नायट्रोजनची ऑक्साइड्स मोजली जात नाहीत. पिवळा दिवा जळत असलेली गाडीसुद्धा हे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत १९९६नंतरच्या गाड्यांची धूरचाचणी याच सॉकेटमधून होते. बीएस-६ गाड्यांसाठी ठाणे आणि कल्याणच्या परिवहन कार्यालयांच्या हद्दीत असा प्रयोग करून पाहण्यात तांत्रिक अडचण काहीच नाही.

तोपर्यंत जे आपल्या हातात आहे ते करावे. दोनशे-तीनशे गाड्यांच्या सोसायटीत प्रत्येकाने वेगळा ॲडॉप्टर घेण्याची गरज नाही. कार्यालयात एक चांगला ठेवला आणि जाणत्या दोघा-तिघांनी तो वापरायला शिकवला तरी पुरे. गाडी धडधाकट असताना एकदा सगळे आकडे टिपून ठेवावेत, म्हणजे बिघाडाच्या वेळी तुलना करता येते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर कोड पाहावेत. गॅरेजात गाडी देताना कोड आणि फ्रीझ फ्रेमचे छायाचित्र द्यावे, कोणती चाचणी करून कोणता भाग सदोष ठरवला ते बिलावर लिहून मागावे, काढलेला जुना भाग परत मागावा आणि निदानाची मजुरी न कुरकुरता द्यावी. फसवणूक झाली असे वाटले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे तारखेसह ठेवलेली ही नोंद तोंडी तक्रारीपेक्षा वजनदार ठरते. मोटार ही बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांची घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी आहे. तिची नोंद वाचायला एक संध्याकाळ पुरते. ती संध्याकाळ येत्या सुट्टीत काढा, आणि पुढच्या वेळी पिवळा दिवा लागला की गॅरेजात जाण्याआधी कोड स्वतः वाचा.